नायट्रसच्या नादात इंजिन घालवू नका : या चुका टाळा

नायट्रस ऑक्साइड म्हणजे गाडीची ताकद वाढवायला बाटलीतून इंजिनात सोडतात तो वायू. तो स्वतः जळत नाही. इंजिनातल्या उष्णतेने तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा करतो. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन असतो, यात 36. ताकद येते ती त्या जादा ऑक्सिजनसोबत जादा पेट्रोल जळल्यामुळे. पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटणं) सुरू होतं आणि पिस्टन वितळतो. दोष मात्र बिचाऱ्या नायट्रसच्या नावावर जमा होतो.

सगळ्यात मोठी फसगत किटसोबतच्या तक्त्यात असते. तक्ता बहुधा अमेरिकन. त्यात लिहिलेलं असतं 93 ऑक्टेन (पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही त्याचं माप). आपण 95 भरतो आणि खूश होतो, वर दोन आकडे जास्तच! पण अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन मापांची सरासरी छापतात, आपल्याकडे फक्त रिसर्च. त्यांचं 93 म्हणजे आपलं जवळजवळ 98. शॉट (नायट्रसने वाढवायची ताकद) मोठा असेल तर एक्सपी100 सारखं 100 ऑक्टेनचं पेट्रोलच भरा, तिथे काटकसर नको. दुसरं म्हणजे आपल्या पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल. तेवढ्याच ऑक्सिजनला असं पेट्रोल जास्त लागतं, म्हणून वेट किटमधला (नायट्रससोबत जादा पेट्रोलही सोडणाऱ्या किटमधला) तक्त्यातला फ्युएल जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मोजकं छिद्र, कमी पडू शकतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावा आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; 1 पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) 0.8 च्या आसपास आहे का ते बघा. सेन्सर नसेल तर किट डब्यातच राहू द्या.

मग आपलं हवामान. बाटलीतला दाब 900 ते 950 पीएसआय हवा. 20 अंशांना तो 750 च्या घरात असतो. 36 अंशांच्या वर गेलं की आत द्रव राहतच नाही आणि दाब हजाराच्या पुढे जातो. मे महिन्यात अंधेरीत उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी किती तापते ते वेगळं सांगायला नको. दाब वाढला की नायट्रस जास्त जातो, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. उलट जानेवारीत पहाटे लोणावळ्याकडे निघालात तर दाब कमी, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), आणि गाडी जोर धरण्याऐवजी गुदमरते. म्हणून गेज डोळ्यांसमोर ठेवा. थंडीत थर्मोस्टॅटवाला हीटर वापरा. बाटलीला ब्लो-टॉर्च दाखवणारा मेकॅनिक भेटला तर गाडी घेऊन बाहेर पडा. बाटली वजनावर भरून घ्या, छापील मापापेक्षा एक ग्रॅमही जास्त नको. दाब फार वाढला की फुटून वायू सोडणाऱ्या सेफ्टी डिस्कची नळी गाडीच्या बाहेर काढा.

बाटली बसवतानाही घोळ होतो. व्हॉल्व्ह पुढे आणि किंचित वर, लेबल आकाशाकडे. आतल्या नळीचं टोक मागे तळाशी असतं आणि गाडी सुटली की द्रव मागेच सरकतो. उलटी बसवलीत तर अर्धी बाटली शिल्लक असतानाच वायू यायला लागतो.

3000 आरपीएमच्या खाली बटण दाबू नका, इनटेकमध्ये भडका उडतो. कमाल आरपीएम रोखणाऱ्या लिमिटरवरही नको, कारण लिमिटरने पेट्रोल तोडलं तरी नायट्रस येतच राहतो. ठरावीक आरपीएमच्या मधेच नायट्रस सोडणारा विंडो स्विच दोन्ही टोकं सांभाळतो. पेट्रोलचा दाब पडला की नायट्रस तोडणारा फ्युएल प्रेशर स्विचही हवाच. टायमिंग (ठिणगीची वेळ) वाढवलेल्या दर 50 हॉर्सपॉवरमागे साधारण 2 अंश मागे घ्या, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) लावा.

बटण दाबूनही काहीच होत नसेल तर आधी बाटलीचा व्हॉल्व्ह उघडा आहे का बघा (हसू नका, होतं असं), मग रिले आणि अर्थिंग. काळा धूर निघाला तर दाब कमी किंवा नायट्रसच्या सोलेनॉइडची (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हची) जाळी तुंबलेली.

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं निमित्त मिळतं. सी लिंक किंवा बीकेसीचा रात्रीचा रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे. हे सगळं बंद ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेलेल्या गाडीसाठी.

तिथेही पहिला रन सगळ्यात लहान शॉटवर मारा, लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून भिंगाखाली धरा. पोर्सेलीनवर ॲल्युमिनियमचे चकाकते ठिपके दिसले (म्हणजे पिस्टन वितळायला लागलाय) तर दुसरा रन त्या दिवशी नाही.