एलओआर मागायला येण्याआधी: रिक्रिएशन, स्पोर्ट आणि टुरिझमच्या मास्टर्ससाठी अर्ज कसा करायचा

गणपती झाले की जिमखान्याच्या ऑफिसात मुलं यायला लागतात. "मॅडम, एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, द्याल का?" कुठल्या कोर्ससाठी, असं विचारलं की उत्तर येतं, "स्पोर्ट्सच्याच, अमेरिकेत." एवढ्यावर मला पत्र लिहिता येत नाही आणि त्यांना अर्ज करता येत नाही. मी पुण्यातल्या एका कॉलेजात क्रीडासंचालक आहे. दर वर्षी प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

आधी विषय कळू द्या. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसवर 'रिक्रिएशन, स्पोर्ट अँड टुरिझम' असा स्वतंत्र विभाग आहे. क्लेम्सन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट इथे त्याच्या जवळचा विभाग 'पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंट' या नावाने चालतो, कॅनडातल्या वॉटर्लूला 'रिक्रिएशन अँड लेझर स्टडीज' म्हणून. सगळीकडचे मूळ प्रश्न साधारण सारखेच: लोक मोकळ्या वेळात काय करतात, कुठे जातात, कोणाला ते जमत नाही आणि का, आणि मैदान, बाग, जंगल, स्पर्धा किंवा पर्यटनस्थळ चालवायचं कसं. स्नायू आणि हृदयाचे ठोके मोजायचे असतील तर तो कायनेसिऑलॉजीचा प्रांत. कोच व्हायचं असेल तर पतियाळाचं एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, आहे. लीगमधल्या टीमचं मार्केटिंग करायचं असेल तर स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं एमबीए पुण्यातच सिंबायोसिसला होतं, आणि पर्यटन कंपनीत जायचं असेल तर ग्वाल्हेरची आयआयटीटीएम ही पर्यटन शिकवणारी संस्था आहे. यातलं काही मनात असेल तर उगाच डॉलर कशाला घालवता?

तरीही हाच विषय हवा असेल तर पुढे वाचा.

वेळेचा हिशेब उलटा मांडायचा. फॉल सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू होतं, पण फंडिंग हवं असेल तर अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या डिसेंबर-जानेवारीत जावा लागतो. वेबसाइटवर दोन तारखा असतात, एक फंडिंगसाठी विचार व्हावा म्हणून आणि एक नुसत्या प्रवेशासाठी. तुमची तारीख पहिली. म्हणजे एसओपीचा (हा विषय का शिकायचाय ते सांगणाऱ्या निवेदनाचा) खर्डा दिवाळीच्या आत, इंग्रजीची परीक्षा त्याच्याही आधी, आणि ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या वर्षांच्या अधिकृत गुणपत्रकाचा, अर्ज पावसाळ्यातच. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता बऱ्याच विभागांना लागत नाही. त्या-त्या विभागाच्या पानावर बघा, मित्राने सांगितलं म्हणून क्लास लावू नका. आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षं चालतो.

कागदपत्रांत दोन ठिकाणी आपल्या मुलांची गाडी अडते. एक, नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळं. अर्जात पासपोर्टप्रमाणेच भरा. जुन्या कागदांवरच्या नावासाठी वेगळा रकाना असतो, तिथे मार्कशीटवरचं लिहा. दोन, तीन वर्षांची पदवी. बीए, बीकॉम, बीबीए तीन वर्षांचं असेल तर काही अमेरिकी विद्यापीठं ते त्यांच्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीचं धरत नाहीत. नंतर एमए किंवा एमपीएड केलं असेल तर बहुतेक ठिकाणी प्रश्न सुटतो. नसेल तर आधी ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि मगच अर्जाची फी भरा, कारण ती परत मिळत नाही. सीजीपीए आपल्या मनाने चारच्या स्केलवर बदलू नका. विचारलं असेल तसा, नाहीतर मार्कशीटवर छापलाय तसाच.

आता एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. माझ्या टेबलावर येणारे निम्मे खर्डे "लहानपणापासून मला खेळाची आवड आहे" या वाक्याने सुरू होतात. ते वाक्य पहिल्यांदा खोडा. आवड तर अर्ज करणाऱ्या प्रत्येकालाच आहे. तुम्ही मैदानावर किंवा गडावर काय पाहिलंत आणि त्याचं उत्तर का सापडलं नाही, ते लिहा.

माझ्याकडची एक खो-खोची मुलगी असाच गुळगुळीत मजकूर घेऊन आली होती. मी विचारलं, शाळेतली तुझी टीम कुठे गेली? ती म्हणाली, दहावीनंतर सगळ्यांनी सोडलं. का? मग ती बोलत सुटली. मैदानावर कपडे बदलायला जागा नाही, टॉयलेटला कुलूप. सोबत यायला मैत्रीण नाही, आणि एकटीला घरचे पाठवत नाहीत. शिवाय शॉर्ट्स घालून चार लोकांसमोर पळायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. मी म्हटलं, हाच तुझा एसओपी. क्रॉफर्ड आणि गॉडबी यांनी १९८७ साली लेझर कन्स्ट्रेंट्सची, म्हणजे मोकळ्या वेळातल्या गोष्टींच्या आड येणाऱ्या अडथळ्यांची, जी मांडणी केली तिच्यात अडथळ्यांचे हेच तीन प्रकार आहेत: माणसाच्या स्वतःच्या मनातले, माणसामाणसांतले आणि व्यवस्थेतले. या विषयात ती मांडणी सगळ्यांना माहीत असते. तुम्ही ती वाचलीत आणि ती पुण्यातल्या एका मैदानाला लावून पाहिलीत, एवढं दिसलं तरी वाचणारा प्रोफेसर खुर्चीत सरळ बसतो.

असे विषय या शहरात पायलीला पन्नास आहेत. ढोल-ताशा पथकातली मुलं नोकरी, कॉलेज सांभाळून गणपतीच्या आधी काही आठवडे रोज संध्याकाळी नदीकाठी सरावाला जातात, हातांना फोड येतात, वर स्वतःचे पैसे घालतात. रॉबर्ट स्टेबिन्सने १९८२ मध्ये ज्याला 'सिरियस लेझर', म्हणजे कामासारखा मन लावून जोपासलेला छंद, म्हटलं ते हेच. रविवारी सिंहगडावर जा. आतकरवाडीच्या पायवाटेने व्यायामाला चढणारे वेगळे, गाडीने पिठलं-भाकरी खायला येणारे वेगळे, आणि ती भाकरी थापणाऱ्या बायकांचं घर दोघांवर चालतं. घाटात गाड्या कमी करायच्या म्हटल्या तर कोणाचं काय जाईल? किंवा ताजा विषय घ्या: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड आहेत. आता पायथ्याच्या गावांचं काय होणार? बालेवाडीही आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल स्पर्धा नसताना कोण वापरतं, हा स्पोर्ट मॅनेजमेंटचा अस्सल प्रश्न आहे.

प्रश्न एकच घ्या. मग दोन परिच्छेदांत स्वतः केलेलं काम, एका परिच्छेदात याच विभागात का, आणि त्यात तिथल्या एक-दोन प्राध्यापकांचं काम नावानिशी. रँकिंगची स्तुती नको, ती त्यांना माहीत आहे.

त्या प्राध्यापकांना आधी ईमेल करा. पाच-सहा ओळी: मी कोण, तुमचा अमुक लेख वाचला, त्यावरून मला हा प्रश्न पडला, पुढच्या फॉलला तुम्ही विद्यार्थी घेताय का. सोबत सीव्ही. "रिस्पेक्टेड सर" आणि चरणस्पर्श इथेच ठेवा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण. पीएचडीसाठी हा पत्रव्यवहार जवळजवळ निर्णायक ठरतो. मास्टर्सला तेवढा नाही, पण असिस्टंटशिपचा विषय निघाला की उपयोगी पडतो.

असिस्टंटशिप म्हणजे साधारणपणे आठवड्याला २० तास शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, बदल्यात बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ आणि महिन्याला स्टायपेंड. ती मास्टर्सच्या सगळ्यांना मिळत नाही. मिळाली नाही तर कर्ज काढून जायचं का, हे घरी बसून नीट ठरवा. एक गोष्ट कॉम्प्युटरवाले शेजारी तुम्हाला सांगणार नाहीत, कारण त्यांना ती लागू नसते: शिक्षणानंतर कामाची जी परवानगी मिळते, ओपीटी, ती १२ महिन्यांची. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतल्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. पार्क्स आणि रिक्रिएशनचे कोर्स सहसा ३१ ने सुरू होणाऱ्या सीआयपी कोडखाली (अमेरिकेतला अभ्यासक्रमांच्या वर्गवारीचा क्रमांक) येतात आणि स्टेममध्ये धरले जात नाहीत. कोर्सचा कोड विभागाला विचारा, मग हप्त्याचं गणित करा.

आता माझ्या पत्राबद्दल. बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात. एक तरी तुम्हाला वर्गात शिकवलेल्या माणसाचं हवं. तिन्ही पत्रं मैदानावरच्या लोकांची असतील तर हा मुलगा अभ्यास करेल का, हे त्यांना कळत नाही. "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. तिन्ही पत्रांतलं इंग्रजी एकाच हाताचं असलं की लगेच ओळखू येतं. आणि पोर्टलवर "पत्र पाहण्याचा हक्क सोडता का" असं विचारतात, तिथे हो म्हणा. न पाहिलेल्या पत्राला वजन जास्त.

माझ्याकडे येताना किमान तीन आठवडे हातात ठेवून या, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा चालू असताना येऊ नका. सीव्ही, एसओपीचा खर्डा, विद्यापीठांच्या तारखांचा कागद, आणि तुमची मला आठवावीत अशी दोन कामं लिहून आणा. पोर्टलवर माझा कॉलेजचा ईमेल द्या, जीमेल नको. सीव्हीत "आंतरविभागीय, द्वितीय" एवढंच लिहू नका. किती कॉलेजांतून निवड झाली, किती टीम होत्या, हे एका ओळीत सांगा, इलिनॉयमधल्या माणसाला आपली विभागांची रचना ठाऊक नसते. मंडळात गर्दी सांभाळली असेल तर तेही लिहा. दहा दिवस लाखोंच्या गर्दीत काम केलेला माणूस इव्हेंट मॅनेजमेंटच्या वर्गात दुर्मीळ असतो.

ऑफर आल्यावर घाई करू नका. ज्या विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केली आहे, ती फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला मुभा देतात. त्याआधी कोणी दटावलं तर शांतपणे या तारखेची आठवण करून द्या. मग विद्यापीठाकडून येणारा आय-२० फॉर्म, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी, व्हिसाचा डीएस-१६० अर्ज आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीत व्हिसाची मुलाखत. तिथे "हे शिकायला अमेरिकेला कशाला?" असं विचारू शकतात. उत्तर दोन वाक्यांचं ठेवा: माझा प्रश्न हा, आणि त्यावर काम करणारा प्राध्यापक तिथे आहे. त्यापेक्षा जास्त बोलू नका, पैशाचे कागद मात्र वर काढून ठेवा.