नाताळच्या जेवणासाठी कोळंबी-रावसाचे क्रीमी सूप

नाशिकला ताजी मासळी म्हणजे बर्फातली मासळी. मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटर, त्यात कसारा घाट चढून आलेली कोळंबी कोकणातल्या कोळंबीशी बरोबरी करणार नाही. पण सूपसाठी त्याने फारसे अडत नाही, कारण या सूपची खरी चव कोळंबीच्या गरात नसतेच. ती असते आपण कचऱ्यात टाकतो त्या डोक्यांत आणि सालींत. ती चव पाण्यात नीट उतरवली की निम्मे काम झाले. क्रीम शेवटी येते आणि तोंडाला फक्त मऊपणा देते. अनेक हॉटेलांत उलटे चालते: भरपूर क्रीम, भरपूर कॉर्नफ्लोअर आणि वर तरंगणाऱ्या चार कोळंब्या.

खालचे प्रमाण दहा-बारा जणांना वाटीभर सूप मिळेल एवढे आहे.

डोक्यासकट मध्यम कोळंबी १ किलो, रावसाचे बिनकाट्याचे तुकडे ४०० ग्रॅम (डोके आणि मधला काटा मागून घ्या), सोडे (सोललेली सुकी कोळंबी) १ मोठा चमचा, कांदे २, गाजर १, सेलरीचे २ दांडे, लसूण ५-६ पाकळ्या, टोमॅटो प्युरी २ मोठे चमचे, बटाटे २, लोणी १०० ग्रॅम, मैदा ६० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, फ्रेश क्रीम २०० मिली, तमालपत्र, काळी मिरी, जायफळ, मीठ. हवी असल्यास पाऊण वाटी व्हाइट वाइन.

खरेदी

कोळंबी डोक्यासकटच घ्या. साफ करून दिलेली पाकिटातली कोळंबी सोयीची खरी, पण तिच्यातून स्टॉक (साली-काटे शिजवून गाळलेले पाणी) निघत नाही. डोके धडाला घट्ट चिकटलेले असावे, डोक्याजवळ काळपट डाग नकोत, आणि नाकाला अमोनियासारखा उग्र वास आला तर भाव न करता पुढे चला. रावस नसेल तर सुरमई चालेल, पण ती किंचित कोरडी लागते. बांगडा मात्र नको. तो तेलकट असतो आणि सगळ्या पातेल्यावर आपलीच चव चढवतो.

नाताळच्या आदल्या दिवशी गर्दी होते आणि भावही चढतात, म्हणून सांगून ठेवा आणि सकाळीच आणा. पाहुण्यांना दोन गोष्टी आधी विचाराव्यात: कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे का, आणि त्या दिवसाचा वार कुणाला आड येतो का. पंचवीस तारीख गुरुवारी आली तर आपल्याकडे निम्मी पंगत शाकाहारी निघू शकते. त्यांच्यासाठी याच पद्धतीने मक्याचे सूप करा, पण पातेले वेगळे, डाव वेगळा आणि स्टॉक भाजीचा.

आदल्या दिवशी: स्टॉक

कोळंबी सोला, पाठीतला काळा धागा काढा, धुऊन निथळा आणि झाकून फ्रीजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. रावसाचे तुकडेही तिथेच. सवयीने हात हळदीकडे जाईल. आवरा, सूप पिवळे होईल. आगळ (कोकमाचा रस) आणि लिंबूही नको, आंबटपणाने पुढे दूध फाटते.

आता जाड बुडाच्या पातेल्यात ४० ग्रॅम लोणी आणि चमचाभर तेल तापवून डोकी आणि साली मध्यम आचेवर परता. सात-आठ मिनिटांत त्या लालभडक होतात आणि लोण्यालाही केशरी रंग चढतो. कोळंबीचा रंग पाण्यापेक्षा स्निग्धात चांगला उतरतो, म्हणून साली थेट पाण्यात उकळण्यापेक्षा आधी परतणे महत्त्वाचे. परततानाच बत्त्याने डोकी ठेचा, आतला रस बाहेर आला पाहिजे. मग सोडे टाका. हे पाश्चात्त्य कृतीत सापडणार नाहीत, पण ज्या घरांत सुकटीची बरणी असते त्यांना सोड्यांची ताकद सांगायला नको. मात्र एक चमचाच, जास्त झाले तर सूपचे कालवण होते.

वाइन वापरणार असाल तर इथे ओता आणि जवळपास आटवा. आपल्याकडच्या द्राक्षबागांमुळे नाशिकला पर्याय भरपूर आहेत, त्यातली सोव्हिन्यों ब्लांक घ्या. शेनिन ब्लांकमध्ये बहुधा गोडवा असतो आणि तो सूपमध्ये खटकतो. आटवली तरी वाइनचा सगळा अल्कोहोल उडत नाही. मुलांसाठी किंवा न घेणाऱ्यांसाठी करायचे असेल तर ती पायरी गाळा, काही बिघडत नाही.

पावणेदोन लिटर पाणी, धुतलेले रावसाचे डोके (कल्ले काढून) आणि काटा, तमालपत्र आणि दहा-बारा मिरे घालून मंद आचेवर पंचवीस मिनिटे ठेवा. खळखळून उकळी नको, वर आलेला फेस काढत राहा. मटणाच्या रश्शासारखे तासभर शिजवण्याचा मोह टाळा, मासळीचे काटे जास्त शिजले की कडवट उतरतात. शेवटी चाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळा. तळाचा घोटभर गाळ सोडून द्या, रेती असते ती तिथेच. मीठ अजिबात घालू नका. डावभर स्टॉक उद्यासाठी फ्रीजमध्ये राखून ठेवा.

बेस

दुसऱ्या पातेल्यात उरलेल्या ६० ग्रॅम लोण्यावर बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी आणि लसूण मंद आचेवर मऊ करा. डिसेंबरात बाजारात नवा लाल कांदा असतो, त्याला पाणी जास्त, म्हणून वेळ लागेल. चाळीतला उन्हाळ कांदा अजून मिळत असेल तर तो बरा. कांद्याला रंग येऊ द्यायचा नाही. टोमॅटो प्युरी घालून तिचा कच्चा वास जाईपर्यंत परता, मग मैदा घालून दोन-तीन मिनिटे भाजा. गरम स्टॉक आधी डावभर, घोटून, मग आणखी डावभर असा घाला. एकदम ओतला की गुठळ्या ठरलेल्या. दहा मिनिटे मंद उकळून मिक्सरमधून काढा. गरम असताना भांडे अर्धेच भरा आणि झाकण फडक्याने दाबून धरा.

पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये टाका. नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला तरी रात्रभर ओट्यावर ठेवू नये.

पंगतीच्या दिवशी

पाहुणे आल्यावर अर्ध्या तासाचे काम उरते. बेस गरम करून त्यात बटाट्याचे बारीक चौकोनी तुकडे शिजवा. कोमट दूध घाला, आच कमी करा. इथून पुढे सूपला उकळी येऊ द्यायची नाही, फक्त वाफ आणि कडेला बारीक बुडबुडे. क्रीम वाटीभर गरम सूपमध्ये कालवून मग पातेल्यात सोडा. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्केच असतो, जोरात उकळले की ते फुटते.

आता रावसाचे तुकडे सोडा. तीन मिनिटांनी कोळंबी. कोळंबी अर्धी वळून गुलाबी झाली की झाली. पूर्ण गोल गुंडाळी झाली म्हणजे जास्त शिजली. साधारण दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि आच बंद केल्यावरही ती सूपच्या उष्णतेत शिजतच राहते. म्हणून माणसे ताटावर बसल्यावरच मासळी घाला, आधी नाही. मीठ आता चाखून घाला. मिरपूड आणि नखभर जायफळ.

सूप फार घट्ट वाटले तर दूध नव्हे, राखून ठेवलेला डावभर स्टॉक घाला. पातळ वाटले तर तसेच राहू द्या, वाटीत गेल्यावर ते आणखी दाटते.

स्टीलच्या वाट्यांत सूप लवकर गार होते. चिनी मातीचे बोल गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. सोबत लादीपाव आडवा कापून, लसूण-लोणी लावून तव्यावर खरपूस भाजलेला. लिंबाच्या फोडी ताटात ठेवा, ज्याला हवी त्याने आपल्या वाटीत पिळावी.

उरलेच तर त्यातली कोळंबी आणि रावस काढून वेगळे ठेवा, सूप एकटेच गरम करा आणि शेवटी मासळी परत सोडा, तीही पूर्ण गरम होईपर्यंतच. दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीजरमध्ये टाकू नका, दूध-क्रीमचे पाणी सुटते. वाटीभरच उरले असेल तर उकडलेल्या पास्त्यावर ओता.