ओपीडीचा चार्ज घेताय? मग या चुका टाळा

वॉर्डात किंवा आयसीयूत वर्षं काढलेल्या सिस्टरला ओपीडीचा चार्ज मिळाला की सगळे अभिनंदन करतात. नाईट नाही, रविवारी बहुतेक सुट्टी, आता निवांत! हाच समज घेऊन नव्या इन्चार्ज येतात आणि इथेच घसरतात. वॉर्डातला पेशंट दिवसभर डोळ्यांसमोर असतो, काही चुकलं तर पुढच्या राउंडला कुणाच्या तरी लक्षात येतं. ओपीडीतला पेशंट पाच मिनिटं समोर असतो आणि मग रिक्षात बसून निघून जातो. ठाणे आणि नवी मुंबईच्या ओपीडींमध्ये मी ज्या चुका पुन्हा पुन्हा पाहते, त्यातल्या बहुतेक अर्धं मिनिट वाचवायला जाऊन झालेल्या असतात.

नुसत्या नावाने हाक मारणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. ठाणे-बेलापूर पट्टा मुळात आगरी-कोळ्यांच्या गावांचा. वेटिंगमध्ये ‘पाटील’ म्हणून हाक मारा, चार जण उठतील. म्हात्रे आणि भोईर यांचंही तेच.

एका पॉलिक्लिनिकमध्ये सोमवारची सकाळ होती, इंजेक्शन रूमबाहेर रांग. सिस्टरने दारातूनच हाक दिली, ‘सुनंदा पाटील!’ एक आजी उठल्या. सिस्टरने विचारलं, ‘सुनंदा पाटील ना?’ आजी म्हणाल्या, ‘हो गो बाय.’ त्या होत्या नंदा पाटील, कानाने कमी ऐकणाऱ्या, पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी आलेल्या. सिरिंजमध्ये अँटिबायोटिक भरलेलं होतं, दंडावर स्पिरिट फिरवून झालं होतं. तेवढ्यात खाली औषधं आणायला गेलेली सून आली आणि म्हणाली, ‘आईंना इंजेक्शन कशाला? आम्ही ड्रेसिंगला आलोय.’ आजींचा केसपेपर सुनेच्या पिशवीत होता. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं : पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन.

त्या सिस्टरने नाव विचारलं नव्हतं का? विचारलं होतं. पण उत्तर तिनेच पेशंटच्या तोंडात घातलं. घाबरलेला, उपाशी, कमी ऐकणारा माणूस समोरच्याने काहीही म्हटलं तरी ‘हो’ म्हणतो. म्हणून माझ्या स्टाफला एकच वाक्य पाठ असतं : ‘तुमचं पूर्ण नाव सांगा.’ पेशंट बोलेल, आपण कागदावर बघायचं. दुसरी खूण म्हणून पुस्तकात जन्मतारीख सांगितलेली असते, पण आपल्याकडे निम्म्या ज्येष्ठांच्या आधार कार्डावर १ जून किंवा १ जानेवारी असते, त्यामुळे तेवढ्यावर मी विसंबत नाही. केसपेपरवरचा नोंदणी क्रमांक मिळवून बघायचा आणि ‘आज कशासाठी आलात?’ हे विचारायचं. या शेवटच्या प्रश्नावरच आजी पकडल्या गेल्या असत्या. केसपेपर हातात नसेल तर सुई टोचायची नाही, मग रांग जिन्यापर्यंत गेली तरी चालेल.

त्या दिवशी पुढे जे झालं ते मला जास्त लागलं. तिथल्या इन्चार्जने त्या मुलीला भर वेटिंगमध्ये झापलं. पेशंट बघत होते, साफसफाईच्या मावशी बघत होत्या. नंतर त्या क्लिनिकमध्ये ‘थोडक्यात वाचलं’ अशी एकही गोष्ट वर आली नाही, कारण सगळ्यांनी लपवायला सुरुवात केली. माणूस वाचल्यावर ओरडायचं नसतं, लिहून काढायचं असतं. मी त्यासाठी एक साधी वही ठेवते. त्यात लिहिणाऱ्याचं नाव नसतं, फक्त काय झालं आणि कुठल्या खोलीत. दर शनिवारी दुपारी चहाबरोबर ती उघडायची. ज्या आठवड्यात वही कोरी असते, त्या आठवड्यात मी जास्त सावध असते.

लसींचा फ्रिज

लस उन्हाने खराब होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती गोठूनही खराब होते, हे नव्या मुलींना कुणी नीट सांगतच नाही. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस हवं. हिपॅटायटिस बी, डीपीटी, टीडी, पेंटाव्हॅलंट या लसी एकदा गोठल्या की संपल्या. नंतर वितळून नेहमीसारख्या दिसल्या तरी त्यांचा भरवसा नाही. दुपारी लाइट गेली की घाईत कुणीतरी डीप फ्रीझरमधले कडक आइसपॅक काढून थेट लसींना चिकटवतं. हेतू चांगला, पण लसी वाया. आइसपॅक बाहेर काढून ठेवायचा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच कॅरियरमध्ये, म्हणजे लसी ठेवायच्या थंड डब्यात, घालायचा. लाइट गेल्यावर पहिलं काम म्हणजे फ्रिज उघडायचा नाही. दार बंद असलं तर थंडावा बराच वेळ टिकतो.

तापमानाचा तक्ता बघून मला क्लिनिक कळतं. एकाच पेनाने, एकाच हाताने, सकाळ-संध्याकाळ ‘४, ४, ४’ लिहिलेलं असलं की तो महिनाअखेरीला बसून भरलेला असतो. खरा फ्रिज ३.५ दाखवतो, ६ दाखवतो, पावसाळ्यात दार सारखं उघडलं की ८ला टेकतो. त्या दिवशी काय केलं तेही शेजारी लिहिलेलं असलं पाहिजे. आणि त्या फ्रिजमध्ये डबा नाही, पाण्याची बाटली नाही, दाराच्या कप्प्यात लस नाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

धावत आलेल्या माणसाचा बीपी

जिना चढून आलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचं आणि लगेच कफ (बीपी मशीनचा पट्टा) बांधायचा, तोही शर्टाच्या बाहीवरून, तो फोनवर बोलत असताना. मग आकडा वाढलेला दिसतो, डॉक्टर गोळी वाढवतात आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस चक्कर येते म्हणून परत येतो. पाच मिनिटं बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, तोंड बंद. जाड दंडाला लहान कफ बांधला तरी आकडा वर जातो, म्हणून मोठा कफ कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवा. ‘एवढ्या गर्दीत पाच मिनिटं कुठून आणू?’ असं मला प्रत्येक बॅच विचारते. पाच-सहा खुर्च्या व्हायटल्सच्या (बीपी, नाडी, ताप बघायच्या) टेबलाजवळ ओढून घ्या, पुढचे पेशंट आधीच तिथे बसवा. एवढंच लागतं, पण शॉर्टकट शोधणाऱ्यांना खुर्च्या हलवायचा कंटाळा असतो.

छोट्या वाटणाऱ्या चुका

टोकन नंबरवर आंधळा विश्वास नको. छातीत दुखतंय म्हणणारा माणूस ४३ नंबरवर असला तरी पहिला. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघालाच पाहिजे. म्हणून एक सिस्टर वेटिंगमधून चेहरे बघत फिरत असते. रिसेप्शनला हे दिसत नाही, नर्सला दिसतं.

सुईला पुन्हा टोपण लावू नका. वापरलेली सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते आणि तो डबा तीन चतुर्थांश भरला की सील होतो. ठासून भरलेल्या डब्यातली सुई आधी मावशींना टोचते.

इमर्जन्सी ट्रॉलीची तपासणी रोज सकाळी, हात लावून. घशात श्वासाची नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटवून बघायचा, ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली हवी, अ‍ॅड्रेनालिनची तारीख वाचायची. यादीवर नुसती टिक मारलेली मला चालत नाही.

खोकणारे पेशंट आणि लसीला आलेली बाळं एकाच बाकावर बसवू नका.

सगळं स्वतः करणारी इन्चार्ज मला आळशी इन्चार्जइतकीच धोक्याची वाटते. ती ड्रेसिंगला बसली की बाहेर काय चाललंय ते कुणीच बघत नाही.

आणि जूनच्या आत रोस्टर नकाशा समोर ठेवून करा. कुर्ला-चुनाभट्टीला रुळांवर पाणी आलं की हार्बर लाइनच्या लोकलने येणारा स्टाफ अडकतो, तेव्हा ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर बऱ्याचदा चालू असते. सकाळच्या पाळीत निदान दोन जणी चालत किंवा रिक्षाने पोचणाऱ्या हव्यात आणि फ्रिजची व ट्रॉलीची चावी त्यांच्यापैकी एकीकडे हवी. कुणाची कुठली लाइन, कोण कुठे उतरते, हे माझ्या केबिनच्या भिंतीवर लावलेलं असतं. पावसाळ्यात सकाळी सहालाच मी त्याप्रमाणे फोन लावायला सुरुवात करते.