पडलेला दात रुमालात गुंडाळू नका

मी नागपुरात एका शाळेत खेळ शिकवते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी लंगडी खेळताना दुसरीतलं एक पोट्टं तोंडावर पडलं आणि समोरचा दात मुळासकट बाहेर आला. मी तो जपून स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि त्याच्या आईची वाट पाहत बसले. दवाखान्यात पोचेस्तोवर दोन तास गेले, दात कोरडा पडला होता. तो रुमाल मी विसरले नाही.

दाताच्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. दात कोरडा राहिला तर अर्ध्या-एक तासात त्या मरतात, म्हणून पहिली काही मिनिटं आपल्याच हातात असतात.

आधी दात दुधाचा की पक्का ते बघा. सहा-सात वर्षांनंतर येणारा पक्का दात मोठा असतो, नवा असताना कडा करवतीसारखी दिसते. दुधाचा दात परत बसवायचा नाही, हिरडीच्या आत तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

पक्का असेल तर पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा नळाच्या धारेखाली क्षणभर धुवा, घासू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात सरळ करून खाचेत हळूच बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. (रुमाल लागतो तो इथे.) जमत नसेल तर थंड दुधात ठेवा. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकायला लावून त्या लाळेत ठेवा, पाण्यात नको.

डोक्याला मार असेल, उलटी होत असेल, तर आधी मोठा दवाखाना. नाहीतर थेट दातांचे डॉक्टर. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत रुग्णालय आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

दाताचा फक्त तुकडा पडला असेल तरी तो शोधा, ओला ठेवा, बरेचदा चिकटवता येतो. तुटल्या जागी लाल ठिपका दिसला तर नस उघडी आहे, त्याच दिवशी जा.

बसवलेल्या दाताला साधारण दोन आठवडे तारेचा आधार देतात. तोवर वरण-भात, खिचडी. सावजी रस्सा नको. ब्रश मात्र मऊ घेऊन रोज करायचा. लहान वयात मुळाचं टोक उघडं असतं, त्यामुळे रक्तपुरवठा परत सुरू होण्याची शक्यता असते. पण पुढे दात करडा पडला किंवा हिरडीवर पुटकुळी आली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका.