मलेरियाची स्लाइड रंगवताना या चुका टाळा

जाड स्मिअरला, म्हणजे काचेवर घेतलेल्या रक्ताच्या जाड थेंबाला, मिथेनॉल लावायचं नाही. पावसाळा लागला की हे वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघतं, इतक्यांदा ते बोलून झालंय. त्याच काचेवरचा रक्ताचा पातळ थर, म्हणजे पातळ स्मिअर, मिथेनॉलने फिक्स (पक्का) करायचा, कारण तिथे लाल पेशी शाबूत हव्यात. जाड थेंबात उलट: गिम्सा या रंगाच्या पाण्यात पेशी फुटून हिमोग्लोबिन निघून गेलं, तरच इतक्या थरांतून परजीवी दिसणार.

एका जुलैत नवीन पोराने घाईघाईत अख्खी स्लाइड मिथेनॉलच्या जारमध्ये बुडवली. जाड भागात आरपार काही दिसेना, म्हणून याने ‘निगेटिव्ह’ लिहून टाकलं. दोन दिवसांनी पेशंट गोधडी गुंडाळून परत दारात. मी पुन्हा बोट टोचलं, थेंब नीट वाळू दिला, रंगवला. मायक्रोस्कोपखाली दहाव्या फिल्डलाच (एका वेळी दिसणारा भाग) व्हायव्हॅक्स, मलेरियाचा एक परजीवी! पोराला ओरडलो नाही, त्याची जुनी स्लाइड त्याच्याच हातात दिली.

तेव्हापासून मी मिथेनॉल ड्रॉपरनेच घालतो, पातळ बाजू खाली तिरकी धरून. त्याची वाफसुद्धा जाड थेंबापर्यंत जाऊ देत नाही. स्पिरिट लॅम्पवर स्लाइड शेकणारे महाभागही हाच घोटाळा करतात. उष्णतेनेही थेंब फिक्स होतो. पंख्याखाली वाळू द्या. तेवढ्यात चहा होतो.

दुसरं दुखणं पाण्याचं. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या तपासणीच्या) स्लाइडसाठी ठेवलेला 6.8 pH चा बफर (आम्लता ठरावीक राखणारं पाणी) मलेरियाला चालवतात, नाहीतर सरळ नळाचं पाणी. बफर 7.2 चाच हवा. आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात पेशी गुलाबी, देखण्या दिसतात, पण व्हायव्हॅक्स ओळखायला लागणारे शुफनरचे ठिपके गायब.

मिथेनॉलची बाटली उघडी टाकू नका, पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेते. मग पेशींत चमकणारे खड्डे पडतात आणि शिकाऊ मंडळी त्यांना परजीवी म्हणतात. पेशीवर बसलेल्या प्लेटलेटलाही म्हणतात.

सकाळी पातळ केलेला गिम्सा संध्याकाळी वापरू नका. चार रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

रंग काढताना स्लाइड कलती करून ओतलीत, तर वरची साय स्मिअरवरच बसते. हलक्या पाण्याने आधी साय वाहून जाऊ द्या.

आणि दहा फिल्ड बघून निगेटिव्ह लिहिणाऱ्यांनी रंगाला दोष देऊ नये. जाड स्मिअरचे किमान 100 बघायचे, जेवणाची सुट्टी झाली असली तरी.