परदेशात कारखाना काढताना क्रम चुकवू नका : गोव्यातील उद्योजकांनी टाळाव्यात अशा चुका

कुंडई, वेर्णा किंवा पिळर्ण येथील औद्योगिक वसाहतीतला एखादा मध्यम कारखाना परदेशात उत्पादन उपकंपनी काढायचे ठरवतो, तेव्हा बहुतेक वेळा बाजारपेठेचा अंदाज बरोबर असतो, ग्राहकही ओळखीचे असतात. घोळ होतो तो कामांच्या क्रमात. जे शेवटी करायचे ते उत्साहाच्या भरात आधी होते, आणि जे पहिल्या आठवड्यात बँकेत करायचे ते कारखाना उभा राहिल्यावर आठवते. खालील चुका याच प्रकारच्या आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याचशा परदेशात पाऊल ठेवण्यापूर्वीच, इथे गोव्यात होतात.

पैसे आधी, नोंदणी नंतर

परकी चलन व्यवस्थापन कायद्याखाली परदेशी गुंतवणुकीचे सध्याचे नियम 22 ऑगस्ट 2022 पासून लागू आहेत. त्यांनुसार भागभांडवलाचा पहिला हप्ता पाठवण्यापूर्वी किंवा पाठवतानाच अधिकृत डीलर बँकेमार्फत (परकी चलनाच्या व्यवहाराचा परवाना असलेल्या बँकेमार्फत) फॉर्म एफसी हा परदेशी गुंतवणुकीचा अर्ज भरून रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मात्र जागेचे बयाणे, तिथल्या वकिलाचे शुल्क, सल्लागाराचे बिल अशा नावांनी रक्कम आधीच निघून जाते आणि वर्षअखेरीस लेखापरीक्षक विचारतो की हा खर्च मानायचा की गुंतवणूक. अशी रक्कम मागाहून भांडवल म्हणून दाखवणे सोपे नसते. म्हणून जी रक्कम भांडवल आहे ती भांडवल म्हणूनच, एकाच बँकेतून, पहिल्या दिवसापासून गेली पाहिजे.

व्हिएतनामसारख्या देशात ही दिरंगाई दुहेरी भोवते. तिथे कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र मिळाल्यापासून 90 दिवसांत ठरलेले भांडवल भरावे लागते, आणि तेही त्यासाठी उघडलेल्या खास भांडवली खात्यातच जमा व्हावे लागते. प्रमाणपत्र हाती आल्यावर मडगावच्या बँकेत कागद जमवायला सुरुवात केली, तर ते तीन महिने पाहता पाहता निघून जातात. त्यामुळे संचालक मंडळाचा ठराव, मूल्यांकन आणि बँकेत द्यायच्या अर्जाचा मसुदा हे सारे प्रमाणपत्राची वाट न पाहता तयार ठेवावे.

दुसरा घोळ मर्यादेचा. एकूण आर्थिक बांधिलकी शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातील नेटवर्थच्या, म्हणजे कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या, 400 टक्क्यांपर्यंत चालते, हे सर्वांना पाठ असते. परंतु उपकंपनीने तिथल्या बँकेकडून घेतलेल्या कर्जाला मूळ कंपनीने हमी दिली असेल तर ती हमीसुद्धा याच मर्यादेत मोजली जाते, याचा विसर पडतो. रक्कम पाठवल्यापासून सहा महिन्यांत शेअर प्रमाणपत्र बँकेत सादर करायचे असते आणि दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल, म्हणजे एपीआर, द्यायचा असतो. कारखाना अजून सुरूच झालेला नाही, मग अहवाल कसला, असे म्हणून तो टाळणारे पुष्कळ आहेत. पण आधीची थकलेली नोंद विलंब शुल्क भरून नियमित केल्याशिवाय बँक पुढचा पैसा सोडत नाही. ऐन यंत्रे बसवताना पैसा अडला, तर कारण शोधायला आधी एपीआरची फाइल उघडावी.

नातेवाइकाच्या नावावर कंपनी

ही चूक खास आपली आहे. घरातला कोणी लिस्बनला असतो, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला असतो, आणि कागदपत्रे सोपी व्हावीत म्हणून कंपनी त्याच्या नावावर काढून मागाहून शेअर इकडे वळवू असे ठरते. मात्र ती कंपनी कायद्याने त्याची असते. तुमचा पैसा त्यात कोणत्या नात्याने गेला याचे उत्तर तुमच्या बँकेलाही हवे असते आणि प्राप्तिकर खात्यालाही. शेअर विकत घेऊन ही चूक निस्तरता येते, पण त्या वेळी मूल्यांकनाने ठरेल तो भाव द्यावा लागतो, आणि सुस्थितीतील कंपनीचा भाव तोवर चढलेला असतो.

काही मालक कंपनीऐवजी स्वतःच्या नावाने, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वैयक्तिक मर्यादेतून गुंतवणूक करतात. छोट्या व्यवसायाला ते चालेल. पण ज्या परदेशी कंपनीवर तुमचे नियंत्रण आहे तिच्याखाली आणखी उपकंपनी असता कामा नये, ही अट आधी वाचावी. शिवाय गोव्यात विवाहपूर्व करार केलेला नसेल तर नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. प्राप्तिकर कायद्यातही त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे आणि पगार वगळता इतर उत्पन्न दोघांत समसमान विभागले जाते. म्हणजे परदेशी कंपनीच्या लाभांशाचा निम्मा भाग पत्नीच्या विवरणपत्रात जाईल, आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात काय व कोणी दाखवायचे हा प्रश्न दोघांपुढेही उभा राहील. मुंबईचा सल्लागार हे विचारणार नाही, कारण त्याच्या इतर अशिलांना याची गरजच पडत नाही. त्याला आपणहून सांगावे.

जुनी यंत्रे बोटीवर चढवण्यापूर्वी

इथली वापरातली यंत्रे तिकडे पाठवून भांडवल वाचवण्याचा विचार चांगला आहे, पण तीन गोष्टी आधी पाहाव्यात. यंत्र ईपीसीजी योजनेखाली, म्हणजे ठरावीक निर्यात करण्याच्या अटीवर, सवलतीत आयात केलेले असेल तर निर्यातीची अट पूर्ण होईपर्यंत ते हलवता येत नाही. व्हिएतनाममध्ये सर्वसाधारण नियमानुसार दहा वर्षांहून जुने यंत्र आत घेत नाहीत. आणि तिसरी गोष्ट मोटरच्या पाटीवरच लिहिलेली असते.

आपल्याकडची पाटी 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ असे सांगते. सौदी अरेबिया, फिलिपिन्स, ब्राझील, मेक्सिको या देशांत वीज 60 हर्ट्झची आहे. तीच मोटर तिथे जोडली की एक-पंचमांशाने जास्त वेगाने फिरते. इथे मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर तिथे 1730 च्या आसपास जाते. कन्व्हेयरला त्याने फारसे बिघडत नाही. ब्लोअर किंवा सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर मात्र भार वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट होतो, आणि जास्त भार येताच वीज तोडणारा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होऊ लागतो. अशा वेळी फिटर रिलेची सेटिंग वाढवून मोकळा होतो. यंत्र चालू राहते आणि काही आठवड्यांत मोटरचे वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळते. योग्य उपाय दोन आहेत : व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलणारे उपकरण, बसवून मोटरला 50 हर्ट्झच द्यावे, किंवा पट्ट्यावर चालणारे यंत्र असल्यास मोटरची पुली सहास पाच या प्रमाणात लहान करावी. हे काम इथल्या वर्कशॉपमध्ये, यंत्र पेटीत बंद होण्याआधी, निम्म्या त्रासात होते.

फ्री झोन आणि मान्यता

दुबईच्या फ्री झोनमध्ये कारखाना काढला की सारे अमिराती मार्केट खुले झाले, असा समज आढळतो. फ्री झोनमधून मुख्य भूभागात जाणारा माल कस्टम्सच्या दृष्टीने आयातच असतो आणि त्यावर सहसा 5 टक्के शुल्क लागते. ग्राहक मुख्य भूभागातच असतील तर 2021 पासून तिथेही बहुतेक व्यवसायांत शंभर टक्के परकी मालकी चालते. तोच पर्याय आधी तपासावा. अमिराती परदेशी कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाच्या हेग करारात नसल्यामुळे नुसते अपोस्टिल, म्हणजे त्या कराराखालचे प्रमाणपत्र, तिथे चालत नाही, दूतावासाचा शिक्काही लागतो.

औषध कंपन्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. औषधाची नोंदणी उत्पादनस्थळाशी बांधलेली असते. वेर्ण्यात मान्यता मिळालेली गोळी नव्या कारखान्यात केली, तर जीएमपी (उत्तम उत्पादन पद्धती) तपासणी, स्थिरता चाचण्या आणि उत्पादनस्थळ बदलाचा अर्ज हे सारे नव्याने येते. इमारतीचे वेळापत्रक पाळून मान्यतेचे वेळापत्रक न बनवणारा कारखाना बराच काळ भाडे भरत रिकामा उभा राहतो.

कारभार पणजीहून, कंपनी परदेशी

सगळे निर्णय गोव्यात घेतले जात असतील आणि उपकंपनीची उलाढाल 50 कोटी रुपयांच्या वर गेली, तर प्रभावी व्यवस्थापनाचे ठिकाण भारत मानून तिच्या साऱ्या जागतिक उत्पन्नावर इथे कर मागितला जाऊ शकतो. तिथल्या संचालकांनी तिथे बसून निर्णय घेतले पाहिजेत. इथून गेलेल्या इतिवृत्तावर सह्या करणे पुरत नाही. मूळ कंपनीने दिलेला कच्चा माल, तंत्रज्ञान, कर्ज आणि हमी या सर्वांचा मोबदला बाजारभावाने ठरवावा आणि करार व्यवहाराच्या आधीच्या तारखेचा असावा.

माणसे पाठवताना भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून व्याप्ती प्रमाणपत्र, म्हणजे कामगाराची वर्गणी भारतातच भरली जात असल्याचा दाखला, घ्यावे. पोर्तुगालशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे ते असेल तर दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही. मात्र तिथे नेमलेल्या स्थानिक कामगाराला सुट्टीचा आणि नाताळचा भत्ता धरून वर्षाला चौदा पगार द्यावे लागतात. अंदाजपत्रकात बारा धरले की पहिल्याच डिसेंबरात रोकड कमी पडते.

बेत फसला आणि शेअर विकावे लागले, तर त्याची नोंद पैसे मिळाल्यापासून 30 दिवसांत बँकेकडे करायची असते. कंपनी विकलेली नसेल आणि तिच्या समापनाची कारवाईही सुरू झालेली नसेल, तर तिथले शटर कधीच खाली आलेले असले तरी एपीआर भरत राहावा लागतो.