वणव्यात बुलडोझरच्या पुढे चालताना

अमेरिकेच्या नैऋत्य भागात वणव्याच्या हंगामात पुरातत्त्वाचं काम करायचं असेल, तर पदवीइतकीच पायांचीही तयारी हवी. प्रत्यक्ष जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला झाडझुडपं काढून केलेल्या पट्ट्यावर जायचं तर पाठीवर 45 पौंडांचं ओझं घेऊन 3 मैल 45 मिनिटांत चालून दाखवावे लागतात. सराव चार-पाच महिने आधी सुरू करा.

मी गेले तेव्हा मला भीती फक्त आगीची होती. पण जमिनीखालच्या अवशेषांना झळ फारशी लागत नाही. काही इंच खाली माती थंडच राहते. अपवाद मोठ्या ओंडक्यांचा. ते तासन्‌तास धुमसतात आणि खालची मातीही भाजून काढतात. म्हणून वणवा नसतानाच पुरातत्त्व स्थळांवरचे ओंडके, झुडपं हटवायची. माझ्या मते या नोकरीतलं सर्वांत मोलाचं काम हेच. उघड्यावर असलेल्या अवशेषांचे मात्र हाल होतात. ऑब्सिडियन या ज्वालामुखीच्या काचेवरच्या ज्या थरावरून तिचं वय काढतात, तो थरच उष्णतेने बिघडतो. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात. कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानात 1996 च्या वणव्यात बॅटलशिप रॉकवरच्या कोरीव चित्रांचं असंच नुकसान झालं.

तरी मला धास्ती जाळरेषा काढणाऱ्या बुलडोझरची जास्त वाटते. शेकडो वर्षांचं घर त्याच्या एका फेरीत जातं. पुरातत्त्वज्ञ त्याच्या पुढे चालतो तो यासाठीच. न्यू मेक्सिकोतल्या बॅन्डेलियर राष्ट्रीय स्मारकात 1977 च्या ला मेसा वणव्यात पुरातत्त्वज्ञ अग्निशामकांबरोबर होते, तेव्हापासून ही पद्धत रुजत गेली.

माझ्या पहिल्या वणव्यात मी तुकडीप्रमुखाला खापरांचा काळ समजावत बसले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "डावीकडे वळू की उजवीकडे?" त्याची माणसं धुरात उभी होती. तेव्हापासून मी आधी दिशा आणि अंतर सांगते. त्यामागचं कारण कोणी विचारलं, तर रात्री तळावर आनंदाने सांगते. दुसऱ्या दिवशी तीच माणसं खापर दिसलं की स्वतःहून थांबतात.

स्थळं ओळखू यावीत म्हणून लावलेल्या खुणेच्या फिती काम संपताच काढून घ्या, नाहीतर त्या चोरांना वाट दाखवतात. स्थळांची ठिकाणं गुप्त ठेवण्याची तरतूद पुरातत्त्व स्थळांच्या संरक्षणाच्या 1979 च्या कायद्यातच आहे, त्यामुळे नकाशाचा फोटो मित्रालाही पाठवायचा नाही.

आग विझल्यावर घरी जायची घाई करू नका. झाडोरा जळाल्यावर कधीच न नोंदलेल्या भिंती दिसू लागतात. मेसा व्हर्डेत 2000 च्या वणव्यांनंतर अशी शेकडो स्थळं सापडली. उघड्या उतारावरची माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. त्याआधी नोंदी पूर्ण व्हायला हव्यात.